अमेरिकेहून आलेली झोपेची गोळी धमनी साफ करते का?

ताई, नमस्कार.

माझे मिस्टर ६१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना अ‍ॅटॅक आला, दोन स्टेंट टाकले. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल आणि बीपीसाठी निफेडिपीन रिटार्ड चालू आहे. साखर काठावर आहे असं डॉक्टर म्हणतात. अ‍ॅटॅकनंतर त्यांची झोप पार उडाली. अकराला आडवे होतात आणि एक-दीडपर्यंत कूस बदलत राहतात. मुलगा न्यू जर्सीला असतो. तो दिवाळीत आला तेव्हा झोपेसाठी मेलॅटोनिनच्या १० मिलिग्रॅमच्या गमीजच्या (चघळायच्या गोळ्यांच्या) दोन बाटल्या घेऊन आला. त्याच सुमारास नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला, की मेलॅटोनिन धमन्यांमधलं ब्लॉकेज विरघळवतं, स्टॅटिनपेक्षा भारी. झालं! मिस्टरांचे पाय दुखतात, ते म्हणतात स्टॅटिनमुळेच. आता आठवड्यातून तीनच दिवस ती गोळी घेतात. "ही सुरू करतो, ती बंद करतो," असं चाललंय. तेवढ्यात नणंदेच्या मुलाने उलटी बातमी पाठवली, की मेलॅटोनिनने हार्ट फेल होतं. मी घाबरून बाटल्या कपाटात कुलूपबंद केल्या. ते रोज मागतात, मी रोज टाळते. घरात अबोला आहे. डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलेलं नाही, रागावतील म्हणून. काय करू? द्यायची की फेकायची?

— एक वाचक, सातारा

•

प्रिय ताई,

कपाटाचं कुलूप काढा. गमी द्यायला नव्हे, बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायच्या आहेत म्हणून. तोवर एकही गमी देऊ नका. मात्र "देऊ नका" यामागचं कारण ग्रुपवरच्या दोन्ही मेसेजमध्ये नाही. ते तुमच्याच पत्राच्या सुरुवातीला, औषधांच्या यादीत आहे. त्याकडे येतेच.

आधी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी ती अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची गोळी. तुम्ही विचारलंत बाटलीबद्दल, पण पत्र वाचताना मी थबकले ती "आठवड्यातून तीनच दिवस" या शब्दांपाशी. स्टेंट म्हणजे एका अरुंद जागी बसवलेली जाळी. ती तेवढी जागा उघडी ठेवते, बाकीच्या धमन्या आहेत तशाच राहतात. त्यांची राखण जी औषधं करतात त्यात स्टॅटिन पुढच्या रांगेत आहे. लाखाहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून निघालेला हिशेब असा, की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३९ ने खाली आणलं तर अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि स्टेंट-बायपासची पाळी मिळून सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांचं एलडीएल ५५ च्या खाली असावं असं म्हटलंय. तुमच्या मिस्टरांचा शेवटचा आकडा किती होता? पत्रात तो नाही. बहुतेक घरांमध्ये तो फायलीत असतो, पण तोंडपाठ मात्र शेजारच्यांची साखर असते.

काही रुग्णांना डॉक्टर स्वतःच एक दिवसाआड स्टॅटिन देतात, हे खरं आहे. ते रक्त तपासून, आकडा बघून ठरवतात. ग्रुप बघून नाही.

आता मेलॅटोनिन. ते १९५८ मध्ये सापडलं आणि शोधणारा ना झोपेचा डॉक्टर होता ना हृदयाचा. येल विद्यापीठातले आरोन लर्नर हे त्वचारोगतज्ज्ञ. कोडासारख्या आजारांवर उपयोगी पडेल असं काहीतरी ते शोधत होते. कत्तलखान्यातून आणलेल्या हजारो गुरांच्या मेंदूतल्या पीनियल ग्रंथींमधून त्यांनी हा पदार्थ कणाकणाने वेगळा केला, कारण त्याने बेडकाची कातडी फिकी पडायची. माणसाच्या कातडीवर त्याचा काही उपयोग झाला नाही. झोपेशी नातं नंतर कळलं आणि हृदयाशी त्याहून नंतर.

पीनियल ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी. डोळ्यांवरचा उजेड कमी झाला की मेंदूतलं घड्याळ तिला कळवतं आणि ती मेलॅटोनिन सोडू लागते. मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या सुमारास ते सर्वांत जास्त असतं, पहाटे ओसरतं. म्हणजे ही गुंगीची गोळी नव्हे. अंगाला "दिवेलागण झाली, आता आवरा" असं सांगणारा हा निरोप आहे. निशाचर उंदरांतही ते रात्रीच वाढतं, आणि रात्री उंदीर काही झोपत नाहीत, तुमच्या माळ्यावर धावतात. हा उंदीर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा निरोप रक्तवाहिन्यांनाही पोचतो. त्यांच्या भिंतींवर मेलॅटोनिन ओळखणारे दोन प्रकारचे ग्राही असतात. एक वाहिनी आकुंचित करतो, दुसरा सैल करतो. तेव्हा "मेलॅटोनिनने नस मोकळी होते" हे वाक्य मुळातच अर्धं आहे.

तरी शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले ते उगाच नाही. हार्ट अ‍ॅटॅक सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त येतात, हे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. हृदयाला घड्याळ आहे, मग रात्रीच्या या संप्रेरकाचा काही संबंध असेल का? १९९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं निरीक्षण छापलं: हृदयधमनीचा आजार असलेल्यांच्या रक्तात रात्रीचं मेलॅटोनिन निरोगी माणसांपेक्षा कमी होतं. इथून कल्पनेला पाय फुटले. कमी आहे म्हणून आजार, की आजार आहे म्हणून कमी, हा प्रश्न मागेच राहिला.

धमनीत नेमकं काय साचतं, तेही बघू. "पाइपात कचरा अडकलाय, औषध टाकलं की वाहून जाईल" हे चित्र मला शिकवताना कायम नडलं. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा? भिंतीत ओल शिरते, रंगाखाली पोपडा धरतो, वरून भिंत बरी दिसते आणि एक दिवस पोपडा फुटतो. प्लाक तसा आहे. तो नळीच्या पोकळीत पडलेला नसतो, भिंतीच्या आत असतो. एलडीएल भिंतीत झिरपतं, तिथे त्याचं ऑक्सिडेशन होतं, ते साफ करायला आलेल्या पांढऱ्या पेशी ते खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकतात. वर तंतूंचं एक झाकण तयार होतं. झाकण जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो. ते पातळ असेल आणि फाटलं, तर त्या जागी रक्त गोठतं आणि बघता बघता धमनी बंद. पुष्कळ अ‍ॅटॅक अशाच पोपड्यांतून येतात, जे आदल्या दिवशी अँजिओग्राफीत मामुली दिसले असते.

मेलॅटोनिन ऑक्सिडेशन रोखतं. प्रयोगशाळेत ते त्या फुगणाऱ्या पेशींची चिडचिडही कमी करतं. प्लाक व्हावा म्हणून जनुक बदलून तयार केलेल्या उंदरांना ते दिलं, तेव्हा काही प्रयोगांत पोपडे लहान झाले, काहींत झाकण घट्ट झालं. तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजचं मूळ हेच. ते खोटं नाही, उंदराचं आहे. या प्रयोगांत वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम अशा मात्रा सर्रास वापरतात. आणि मला गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. असे उंदीर बहुधा ज्या जातीपासून तयार करतात, त्या जातीच्या पीनियल ग्रंथीत मेलॅटोनिन जवळजवळ बनतच नाही. जन्मजात मेलॅटोनिन नसलेल्या, रात्री जागणाऱ्या प्राण्याला ते भरपूर पाजलं आणि त्याची धमनी सुधारली. यावरून साताऱ्यातल्या ६१ वर्षांच्या गृहस्थांनी काय करावं?

माणसांत मेलॅटोनिनने प्लाक घटतो हे सिद्ध झालेलं नाही. हृदयावर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या त्या वेगळ्या कामासाठी. अ‍ॅटॅक आलेल्यांना अँजिओप्लास्टीच्या वेळी शिरेतून आणि थेट हृदयाच्या धमनीत मेलॅटोनिन देऊन बघितलं, हृदयाच्या स्नायूचं नुकसान कमी होतं का म्हणून. स्पेनमध्ये १४६ रुग्ण होते, डेन्मार्कमध्ये ४८. दोन्हीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले आणि दोन्हीकडे एकूण फायदा दिसला नाही. स्पेनमधल्या आकड्यांची फोड केली तेव्हा फार लवकर उपचार मिळालेल्यांत नुकसान कमी दिसलं, उशिरा मिळालेल्यांत उलट जास्त.

"विरघळवतं" या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तो शब्द माणसाला भुलवतो. २०११ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात हृदयरुग्णांना दोन वर्षं स्टॅटिनचे सर्वांत मोठे डोस दिले, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन ४०. धमनीच्या आत अल्ट्रासाऊंडची नळी घालून आधी आणि नंतर मोजलं. प्लाकने व्यापलेला भाग किती घटला? साधारण एक टक्का. दोन वर्षं, सर्वांत तगडी औषधं आणि एक टक्का! तरीही स्टॅटिनने माणसं वाचतात, कारण पोपडा लहान होण्यापेक्षा त्याचं झाकण भक्कम होणं आणि नवी ओल थांबणं मोलाचं. मग दोन महिने गमी चघळून ब्लॉकेज विरघळलं असं कोणी सांगितलं, तर त्याला विचारा, मोजलं कशाने?

आता औषधांची यादी. तिथे दोन नावं आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देतात.

पहिलं मेटोप्रोलॉल. पीनियल ग्रंथीला "सोड" हा हुकूम मिळतो तो बीटा ग्राहींमार्फत. मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर. ते हृदयाचा ताण कमी करण्यासाठी हे ग्राही बंद करतं आणि त्याच फटक्यात रात्रीचं मेलॅटोनिनही कमी करतं. म्हणजे तुमच्या मिस्टरांची झोप उडण्यात या गोळीचा हात असू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेत बीटा ब्लॉकर घेणाऱ्या १६ रक्तदाबाच्या रुग्णांना तीन आठवडे रात्री २.५ मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं, तेव्हा त्यांची झोप सरासरी ३६ मिनिटांनी वाढली. रुग्ण थोडे, पण तर्क पटणारा. तेव्हा मुलाने आणलेली वस्तू अगदीच निरर्थक नाही. त्याच्यावर चिडू नका. (आणि मेटोप्रोलॉल एकदम बंद करू नका! ते अचानक सोडल्याने छातीत दुखणं उसळून येऊ शकतं. झोपेपायी अ‍ॅटॅक ओढवून घ्यायचा नाही.)

दुसरं निफेडिपीन. इटलीत २००० साली ४७ रुग्णांवर एक चाचणी झाली. सगळे निफेडिपीनवर होते, बीपी छान ताब्यात. त्यांना चार आठवडे रात्री ५ मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं. एरवी मेलॅटोनिन रात्रीचं बीपी थोडं उतरवतं. औषध न घेणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या पुरुषांत २.५ मिलिग्रॅमने ते वरचं ६ आणि खालचं ४ ने उतरल्याचं २००४ मध्ये दिसलं होतं. निफेडिपीनवाल्यांत उलटं झालं. चोवीस तासांची सरासरी वरची साडेसहाच्या आसपास आणि खालची पाचच्या आसपास वाढली, नाडीही वाढली. ते ५ मिलिग्रॅमवर होते. तुमच्या बाटलीत १० आहे. दोन स्टेंट असलेल्या माणसाचं बीपी गुपचूप सहा-सातने वाढवायचं, तेही धमनी साफ करण्याच्या नावाखाली? म्हणून म्हटलं, एकही गमी नको.

यावर उपाय नाही असं नाही. बीपीच्या औषधांची पुष्कळ कुटुंबं आहेत, डॉक्टरांना बदल करावासा वाटला तर ते करतील. पण त्यासाठी त्यांना कळायला हवं.

१० हा आकडाही बघा. पन्नाशीपुढच्या निद्रानाशाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात ०.३ मिलिग्रॅम एवढ्याशा मात्रेने रक्तातली पातळी तरुणपणीच्या रात्रीएवढी झाली होती आणि झोपही सुधारली होती. तुमची एक गमी त्याच्या तेहतीस पट. तीही बाटलीवरचं लेबल खरं असेल तर. अमेरिकेत मेलॅटोनिन औषध म्हणून नाही, पूरक आहार म्हणून विकलं जातं. २०२३ मध्ये तिथल्या २५ गमीज तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबल आणि आतला माल जुळला नाही. कुठे लिहिल्याच्या पाऊणपट, कुठे जवळजवळ साडेतीन पट. एकीत मेलॅटोनिन नव्हतंच. कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादनं तपासली तेव्हा चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त उत्पादनांत सेरोटोनिन सापडलं, जे तिथे असायला नको होतं. ब्रिटनमध्ये हेच मेलॅटोनिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. "अमेरिकेतून आणलंय" म्हणजे शुद्ध, ही आपली जुनी समजूत इथे तरी कामाची नाही.

नणंदेच्या मुलाने पाठवलेल्या बातमीचं मूळही खरं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लीन्समध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत तो अभ्यास मांडला गेला. निद्रानाशाच्या १ लाख ३० हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी. वर्षभर किंवा जास्त मेलॅटोनिन घेतल्याची नोंद असलेल्यांत पाच वर्षांत ४.६ टक्क्यांना हार्ट फेल्युअर झालं (म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली), नोंद नसलेल्यांत २.७ टक्क्यांना. मृत्यूही पहिल्या गटात जास्त होते. मथळे भयंकर आले. पण हा नोंदींचा हिशेब आहे, गोळी देऊन केलेली चाचणी नव्हे. ज्यांची झोप जास्त बिघडलेली तेच वर्षभर गोळी घेत राहणार, आणि बिघडलेली झोप ही हृदय थकत असल्याची पहिली खूणही असू शकते. शिवाय अमेरिकेत लोक ही गोळी किराणा दुकानातून घेतात, तिची नोंद डॉक्टरांकडे होतच नाही. म्हणजे "न घेणाऱ्यां"मध्येही घेणारे बसलेले. तेव्हा या अभ्यासावरून मेलॅटोनिनने हार्ट फेल्युअर होतं असं म्हणता येत नाही. हृदयरुग्णाने ते स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये, एवढं मात्र मी नक्की म्हणेन.

आणि ही गोळी झोप तरी किती देते? १९ चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१३ मध्ये निघाला: झोप सरासरी सात मिनिटं लवकर लागते आणि एकूण आठेक मिनिटं वाढते. त्या आठ मिनिटांसाठी तुमच्या घरात अबोला आहे.

म्हणून आता खऱ्या दुखण्याकडे वळते. मिस्टरांना झोप का येत नाही, हे त्यांना कोणी विचारलंय का? पत्रात "अ‍ॅटॅकनंतर" हा शब्द तुम्हीच लिहिलाय. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या कितीतरी माणसांना रात्रीची भीती वाटते. दिवे मालवले की छातीतले ठोके ऐकू येतात आणि डोळा लागला तर उठू ना, हा विचार येतो. आपल्याकडचे पुरुष हे बायकोजवळही बोलत नाहीत. ते गोळी मागतात. रोज गमी मागणं हे कदाचित त्याचंच रूप असेल. एकदा दुपारी, गमीचा विषय न काढता विचारून बघा: "रात्री जागे असता तेव्हा मनात काय चालतं?" उत्तर लगेच येणार नाही. भीती किंवा उदासी असेल तर तिच्यावर उपचार आहेत, आणि अ‍ॅटॅकनंतरच्या उदासीवर उपचार करणं हा हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे.

दुसऱ्या गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता. ते मोठ्याने घोरतात का? घोरता घोरता श्वास थांबून मग हुंदका दिल्यासारखा परत सुरू होतो का? तसं असेल तर झोपेतला श्वासरोध तपासायला हवा. तो बीपी वाढवतो आणि त्यावर मेलॅटोनिनचा काही उपयोग नाही. आडवं झाल्यावर दम लागतो का, एका उशीच्या दोन झाल्यात का, पावलांवर सूज दिसते का? यातलं एकही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

यातलं काहीच नसेल तर उरतो दिनक्रम. दुपारी जेवून दोन तास झोप होत असेल तर रात्रीची झोप तिथेच खर्च होते. वामकुक्षी वीस मिनिटांची ठेवा. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. हॉलमधला पांढराफटक ट्यूबलाइट रात्री नऊनंतर बंद करून एखादा मंद पिवळा दिवा लावा. घरातल्या साध्या दिव्यांनीसुद्धा मेलॅटोनिन उशिरा आणि कमी काळ सुटतं, हे २०११ मध्ये मोजून दाखवलंय. मोबाइल तर डोळ्यांपासून एक वीत असतो. बाहेरून गोळी आणायची आणि आतली दिव्याने मारायची, हा उफराटा व्यवहार आहे. आणि एक उलट वाटणारी गोष्ट: अकराला आडवे होऊ नका म्हणावं. झोप दीडला येत असेल तर काही दिवस साडेबाराला अंथरुणावर जायचं, पण सकाळी रोज सहालाच उठायचं, रविवारीही. झोप येत नसेल तर कुशी बदलत पडून राहायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. पुढे वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. निद्रानाशावर जगभर पहिला उपाय म्हणून सांगतात तो असल्याच सवयींच्या उपचाराचा, गोळीचा नाही. पहिला आठवडा त्रासाचा जातो, हे आधीच सांगून ठेवा.

रात्रीचं जेवण साडेसात-आठला आणता आलं तर साखरेलाही बरं. मेलॅटोनिन रक्तात असताना शरीर साखर नीट हाताळत नाही. स्पेनमध्ये २०१४ मध्ये २१ निरोगी स्त्रियांना ५ मिलिग्रॅम देऊन हे बघितलं गेलं, सकाळीही आणि संध्याकाळीही. काठावरच्या साखरेच्या माणसाने गमी खाऊन जेवायला बसणं किंवा जेवता जेवता ती खाणं, दोन्ही चुकीचं.

पायांचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. दुखतं त्याला दुखतंच. पण लंडनमध्ये ६० जणांवर एक फार सुंदर प्रयोग झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या माणसांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. निम्म्या लोकांनी हे कळल्यावर स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. तेव्हा डॉक्टरांना सांगून सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. खरंच स्टॅटिनचा दोष निघाला तर मात्रा कमी करता येते, रोसुव्हास्टॅटिन देता येतं, सोबत इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडता येतं, तसंच बेम्पेडोइक अ‍ॅसिडही आपल्याकडे मिळतं. मात्र लघवी चहासारखी गडद झाली किंवा स्नायू इतके दुबळे झाले की जिना चढवेना, तर वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

डॉक्टर रागावतील ही भीती मला कळते. रागावू द्या, पाच मिनिटांत शांत होतील. ते आत्ता समजतायत की रुग्ण रोज स्टॅटिन घेतोय. त्यावरूनच ते रिपोर्ट वाचणार, आणि एलडीएल वाढलेलं दिसलं की रोजच्या गोळीचा डोस वाढवून देणार. जाताना एका कागदावर लिहून न्या: स्टॅटिन किती दिवस घेतलं नाही, झोपेचं काय, दोन्ही बाटल्या. तिथे तीन गोष्टी विचारा. निफेडिपीनऐवजी दुसरं काही चालेल का? मेटोप्रोलॉलची वेळ किंवा प्रकार बदलून झोपेला मदत होईल का? आणि दीड वर्ष झालं, तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही पुढे चालू ठेवायच्या का? हा तिसरा प्रश्न तुम्ही मला विचारला नव्हता, पण विचारण्याजोगा आहे. उत्तर येईपर्यंत दोन्ही चालूच राहू द्या.

डॉक्टर मेलॅटोनिन द्यायला तयार झाले तरी ते या बाटलीतलं नको. युरोपात ५५ वर्षांपुढच्या लोकांसाठी २००७ पासून जी गोळी मान्य आहे ती २ मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी, झोपण्याआधी एक-दोन तास, जेवणानंतर घ्यायची आणि फार तर १३ आठवडे. तशीच काहीशी चिठ्ठी ते देतील, आणि ती सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा.

गमीज दुधात विरघळवून न सांगता द्यायचा किंवा संपल्या म्हणून सांगायचा मोह होईल. दोन्ही नको. हे उत्तर मिस्टरांनाच वाचायला द्या. चहाच्या वेळी द्या, रात्री नको, नाहीतर त्यावर वाद घालत दीडऐवजी अडीच वाजतील. आणि एलडीएलचा आकडा आला की मला कळवा.

तुमची,
ताई